गाडी ‘ॲव्हरेज’ किती देते?
विजेच्या मोटारीतील आकडे वाचायला शिकू या



आपल्याकडे कोणी नवी गाडी घेतली की पहिला प्रश्न किमतीचा आणि दुसरा ‘ॲव्हरेज किती देते?’ हा. पेट्रोलच्या गाडीचे उत्तर लहान मुलालाही कळते. लिटरला अठरा म्हटले की अठरा किलोमीटर. आता इंदूरच्या रस्त्यांवर हिरव्या नंबरप्लेटच्या विजेच्या मोटारीही दिसतात आणि आपल्यापैकी काहींच्या घरी त्या आल्याही आहेत. या गाडीत बसून समोरच्या स्क्रीनकडे पाहिले तर १३८ असा एखादा आकडा दिसतो. त्याच्याशेजारी इंग्रजी अक्षरांत ‘डब्ल्यूएच/केएम’ असे लिहिलेले असते. हा आकडा चांगला की वाईट? सकाळी १३८ होता, दुपारी १८० कसा झाला? गाडी बिघडली का? असे प्रश्न वर्गातही आले आणि पालकसभेतही आले. म्हणून या अंकात आम्ही विज्ञान विभागातर्फे हा पाठ देत आहोत. त्यासाठी नववी-दहावीत शिकलेले कार्य, ऊर्जा आणि शक्ती यांचे धडे पुरेसे आहेत. वही आणि पेन्सिल मात्र जवळ ठेवा.

१. आधी एकक ओळखा

१००० वॉटचा हीटर एक तास चालला की जी वीज खर्च होते ती एक किलोवॉट-तास. घरच्या बिलात आपण तिलाच ‘एक युनिट’ म्हणतो. एका युनिटात १००० वॉट-तास असतात, आणि ज्यूलमध्ये सांगायचे तर ३६,००,००० ज्यूल.

येथे एक गल्लत नेहमी होते. किलोवॉट आणि किलोवॉट-तास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नळाची धार किती मोठी आहे ते किलोवॉट सांगते. बादलीत किती पाणी जमले ते किलोवॉट-तास सांगते. मोटारीची बॅटरी ३० किलोवॉट-तासांची आहे म्हणजे बादली ३० युनिटांची आहे. चार्जर ३.३ किलोवॉटचा आहे म्हणजे धार तेवढी आहे.

आता ‘ॲव्हरेज’कडे वळू. विजेच्या मोटारी ते तीन प्रकारे दाखवतात:

(अ) एका किलोमीटरला किती वॉट-तास,
(आ) १०० किलोमीटरला किती युनिट,
(इ) एका युनिटात किती किलोमीटर.

तिन्हींत सांगितलेली गोष्ट एकच असते. किलोमीटरला १२५ वॉट-तास म्हणजेच १०० किलोमीटरला १२.५ युनिट, आणि म्हणजेच युनिटला ८ किलोमीटर. (अ) ला १० ने भागले की (आ) मिळते, आणि १००० ला (अ) ने भागले की (इ) मिळते. पहिल्या दोन प्रकारांत आकडा जितका लहान तितकी गाडी काटकसरी. तिसऱ्या प्रकारात मात्र आकडा जितका मोठा तितके चांगले. म्हणून दोन शेजाऱ्यांनी आपापल्या गाड्यांचे आकडे सांगितले तर आधी एकक विचारा, मगच तुलना करा.

पेट्रोलशी तुलना करायची असेल तर एवढे ध्यानात ठेवा: एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट इतकी उष्णता साठलेली असते. लिटरला १८ किलोमीटर जाणारी गाडी किलोमीटरमागे ५०० वॉट-तास खर्च करते. विजेची मोटार तेच काम १२५ ते १५० मध्ये करते. याचे कारण असे की पेट्रोलच्या इंजिनात बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. अर्थात वीज कोळशापासून बनली असेल तर बरीच उष्णता वीजकेंद्रातच वाया गेलेली असते. तो हिशेब गाडीच्या स्क्रीनवर दिसत नाही.

२. किलोमीटरमागे एवढी वीज जाते कुठे?

एक सोपी युक्ती सांगतो. एक न्यूटन बल लावून एक किलोमीटर गेलो तर कार्य होते १००० ज्यूल. एक वॉट-तास म्हणजे ३६०० ज्यूल. म्हणून गाडीला होणारा विरोध न्यूटनमध्ये काढा आणि त्याला ३.६ ने भागा. उत्तर थेट ‘किलोमीटरला वॉट-तास’ असे येते.

टायरचा विरोध : माणसांसह १५०० किलो वजनाची गाडी घेऊ. टायर आणि रस्ता यांचा विरोध वजनाच्या साधारण शंभराव्या भागाइतका असतो. १५०० × ९.८ × ०.०१ = १४७ न्यूटन. ३.६ ने भागले की ४१ वॉट-तास. वेग वाढला तरी हा विरोध फारसा बदलत नाही, पण टायरमध्ये हवा कमी असेल तर वाढतो.

हवेचा विरोध : हा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मध्यम आकाराच्या मोटारीला ताशी ६० च्या वेगाला साधारण १२० न्यूटन विरोध होतो असे धरू. म्हणजे ३३ वॉट-तास. वेग ८० केला तर विरोध २१३ न्यूटन, म्हणजे ५९ वॉट-तास. वेग १०० केला तर विरोध ३३३ न्यूटन आणि खर्च ९३ वॉट-तास. वेग दुप्पटही झाला नाही, पण हवेपायी होणारा खर्च जवळजवळ तिप्पट झाला.

एसी : हा किलोमीटर पाहत नाही, घड्याळ पाहतो. एसी १ किलोवॉट घेत असेल आणि गाडी ताशी ८० ने जात असेल तर किलोमीटरला १२.५ वॉट-तास पडतात. तीच गाडी राजवाड्याच्या गर्दीत ताशी २० ने सरकत असेल तर ५० पडतात. चौकात गाडी उभी असेल तर किलोमीटर शून्य आणि खर्च चालूच. मग भागाकार कसला करणार? अशा वेळी स्क्रीनवरचा त्या क्षणाचा आकडा एकदम वर उडतो किंवा नुसत्या रेघा दिसतात. त्याला घाबरायचे कारण नाही, शून्याने भागता येत नाही एवढाच त्याचा अर्थ.

आता बेरीज करू. वेग ८०, रस्ता सपाट. टायर ४१ आणि हवा ५९ मिळून १००. बॅटरीतून निघालेली सगळी ऊर्जा चाकापर्यंत पोहोचत नाही, १०० पैकी ८५ पोहोचते असे धरू. म्हणजे बॅटरीतून ११८ लागले. त्यात एसीचे १२ मिळवले की झाले १३०. वेग ६० केला तर हाच हिशेब १०४ वर येतो. करून पाहा.

दुपारचा आकडा सकाळपेक्षा का वाढला, याचे उत्तर आता तुम्हालाच देता येईल. मे महिन्यात उन्हात तापलेली गाडी, पूर्ण जोरावर चाललेला एसी आणि जेमतेम दोन किलोमीटरची फेरी. सुरुवातीचा सगळा खर्च या दोन किलोमीटरांवरच पडतो. छोट्या फेरीत आकडा मोठा येणे स्वाभाविक आहे.

३. सरासरीचा सापळा

एका गाडीने पहिले ५० किलोमीटर ‘युनिटला १०’ या दराने काढले आणि पुढचे ५० किलोमीटर ‘युनिटला ५’ या दराने. सरासरी किती? घाईत आपण ७.५ म्हणतो. मोजून पाहू. पहिल्या भागात ५ युनिट लागले, दुसऱ्या भागात १०. एकूण १०० किलोमीटरला १५ युनिट, म्हणजे युनिटला ६.६७.

नियम सोपा आहे. दरांची सरासरी काढू नका. एकूण किलोमीटर आणि एकूण युनिट मांडा, मगच भागाकार करा. ‘किलोमीटरला वॉट-तास’ या प्रकारात दोन्ही अंतरे सारखी असतील तर नुसती सरासरी चालते. अंतरे वेगळी असतील तर तिथेही चालत नाही.

शिवाय स्क्रीनवर सरासरी एकच नसते. एक आकडा या फेरीचा असतो, एक शेवटचे चार्जिंग झाल्यापासूनचा आणि एक गाडी घेतल्यापासूनचा. कोणता आकडा किती अंतराचा आहे हे पाहिल्याशिवाय त्यावरून काही ठरवू नये.

४. इंदूर ते ओंकारेश्वर : घाटाचा हिशेब

आपल्या ओळखीच्या रस्त्यावर हे ताडून पाहू. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर, माळव्याच्या पठारावर आहे. सिमरोलवरून भेरूघाट उतरलो की बडवाह, मग नर्मदा ओलांडून मोरटक्का आणि पुढे ओंकारेश्वर. नर्मदेचा हा काठ सुमारे २०० मीटर उंचीवर आहे. अंतर साधारण ८० किलोमीटर आणि उंचीतला फरक साधारण ३५० मीटर.

स्थितिज ऊर्जेचे सूत्र आठवा: वस्तुमान × गुरुत्व त्वरण × उंची. १५०० × ९.८ × ३५० = ५१,४५,००० ज्यूल. ३६ लाखांनी भागले की १.४३ युनिट.

जाताना ही ऊर्जा आपल्याला फुकट मिळते. उतारावर गाडीला ओढायला कमी वीज लागते. पाय काढला की मोटारच जनित्र होऊन थोडी वीज बॅटरीत परत भरते आणि स्क्रीनवर आकडा शून्याखाली जातो. पण मिळालेली सगळी ऊर्जा हाती लागत नाही, थोडी उष्णता होऊन जाते. १.४३ पैकी १ युनिट उपयोगी पडले असे धरू. येताना मात्र १.४३ युनिटांचे काम करायला बॅटरीतून सुमारे १.७ युनिट द्यावे लागतात.

सपाट रस्त्याच्या दराने ८० किलोमीटरला ८० × १३० = १०.४ युनिट. तेव्हा :

जाताना : १०.४ − १.० = ९.४ युनिट, म्हणजे किलोमीटरला ११७.५ वॉट-तास.
येताना : १०.४ + १.७ = १२.१ युनिट, म्हणजे किलोमीटरला सुमारे १५१ वॉट-तास.
जाऊन-येऊन : १६० किलोमीटरला २१.५ युनिट, म्हणजे सुमारे १३४.

गाडी तीच, चालवणारा तोच, वेग तोच. तरी जाताना ११७ आणि येताना १५१. हे आकडे आम्ही हिशेबासाठी धरले आहेत, तुमच्या गाडीचे थोडे वेगळे येतील. पण जाताना कमी आणि येताना जास्त, हा क्रम बदलणार नाही.

५. ‘अजून इतके किलोमीटर’ यावर किती विसंबावे?

आता या पाठातला सर्वांत महत्त्वाचा भाग. बॅटरीत उरलेली वीज आणखी किती अंतर पुरेल, तेही स्क्रीनवर दिसते. बऱ्याच गाड्या हा आकडा अगदी साध्या रीतीने काढतात: उरलेली ऊर्जा भागिले अलीकडची सरासरी. नकाशावर जायचे ठिकाण घातले तर काही गाड्या चढ-उतारही धरतात, पण सगळ्या धरत नाहीत.

समजा, एक कुटुंब इंदुराहून निघाले तेव्हा बॅटरीत २० युनिट होते. ओंकारेश्वरला पोहोचेपर्यंत ९.४ गेले, उरले १०.६. गाडीने भागाकार केला: १०,६०० ÷ ११७.५ = ९० किलोमीटर. घर ८० किलोमीटरवर. दर्शन झाले, जेवण झाले. आजी म्हणाल्या, ‘‘उशीर होतोय, निघू या.’’ वडिलांनी स्क्रीन पाहिला आणि म्हणाले, ‘‘दहा किलोमीटर जास्तीचेच आहेत, निघू.’’

पण परतीला १२.१ युनिट लागणार आहेत, आणि बॅटरीत आहेत १०.६. दीड युनिट कमी. म्हणजे घाट चढून झाल्यावर, इंदूर दहा-बारा किलोमीटर राहिले असताना, अंधारात, म्हाताऱ्या माणसांसह गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहणार. प्रत्यक्षात घाट चढतानाच हा आकडा भराभर खाली येऊ लागेल, पण तोवर चार्जिंगचे ठिकाण मागे राहिलेले असेल.

स्क्रीन खोटे बोलला का? नाही. त्याने झालेल्या रस्त्याचा हिशेब अचूक सांगितला होता. पुढचा रस्ता चढाचा आहे हे त्याला ठाऊक नव्हते. ते आपल्याला ठाऊक होते. ॲव्हरेजचा आकडा मागच्या रस्त्याचा हिशेब असतो, पुढच्या रस्त्याचा नव्हे. एवढे एक वाक्य या पाठातून घरी नेले तरी पुष्कळ झाले.

यावर उपाय तीन. पहिला आणि उत्तम उपाय म्हणजे निघण्यापूर्वी पुरेसे चार्जिंग करून घेणे आणि पाचवा हिस्सा तरी वीज नेहमी राखून ठेवणे. दुसरा उपाय, चढाचा हिशेब आधीच धरणे. १५०० किलोच्या गाडीला दर १०० मीटर चढाला साधारण अर्धे युनिट जास्त लागते, हा आडाखा पाठ करा. तिसरा उपाय वेगाचा. ८० ऐवजी ६० ने गेलो तर किलोमीटरला १३० − १०४ = २६ वॉट-तास वाचतात. घाट सोडून उरलेल्या साठेक किलोमीटरांत दीड युनिट वाचते. वरच्या उदाहरणातली तूट नेमकी तेवढीच आहे! पण ती जेमतेम भरते, म्हणून पहिला उपायच खरा.

६. स्क्रीन आणि घरचा मीटर

महिन्याचा खर्च काढताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. स्क्रीन दाखवतो ती बॅटरीतून निघालेली वीज. बिल येते ते मीटरमधून गेलेल्या विजेचे. चार्जिंग होताना चार्जर आणि बॅटरी गरम होतात, तिथे काही वीज जाते. घरच्या चार्जिंगमध्ये ही घट साधारण दहा ते पंधरा टक्के धरावी.

आपल्या उदाहरणात बॅटरीतून २१.५ युनिट गेले. ती पुन्हा भरताना मीटर २४ युनिट पुढे सरकला असे समजू. मग खरा दर झाला २४,००० ÷ १६० = १५० वॉट-तास. स्क्रीन १३४ सांगतो, मीटर १५० सांगतो. दोन्ही बरोबर आहेत, मोजण्याची जागा वेगळी आहे. युनिटला ८ रुपये धरले तर फेरीचा खर्च १९२ रुपये, म्हणजे किलोमीटरला १ रुपया २० पैसे. दर मात्र आपापल्या बिलावरून घ्यावा.

७. छापील आकडा आणि रस्त्यावरचा आकडा

जाहिरातीत ‘एका चार्जिंगमध्ये इतके किलोमीटर’ असे छापलेले असते. तोही एक सरासरीचाच आकडा आहे, फक्त तो प्रयोगशाळेतला आहे. आपल्या देशात मोटारींच्या अशा चाचण्या करणारी एक प्रमुख संस्था पुण्यात आहे, ‘एआरएआय’. ठरवून दिलेल्या वेगांच्या क्रमाने गाडी रोलरवर चालवतात. भारतीय चाचणीच्या क्रमात सर्वाधिक वेग ताशी ९० असतो, एसी बंद असतो आणि घाट तर नसतोच.

जानेवारी २०२० मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीचे उदाहरण घ्या. बॅटरी ३०.२ युनिटांची आणि प्रमाणित अंतर ३१२ किलोमीटर. भागाकार करा: ३०,२०० ÷ ३१२ = सुमारे ९७ वॉट-तास. आपण वर ८० च्या वेगाला, एसी लावून, १३० काढले होते. त्या दराने हीच बॅटरी सुमारे २३० किलोमीटर पुरेल. यात कोणी कोणाला फसवलेले नाही. सर्व गाड्या एकाच मापाने मोजल्या म्हणजे त्यांची आपसांत तुलना करता येते, हा छापील आकड्याचा उपयोग. आपल्या रस्त्यावर गाडी किती जाईल, हे आपले आपणच काढायचे. छापील अंतर दिसले की बॅटरीच्या युनिटांना त्याने भागून पाहण्याची सवय लावा. उत्तर १०० च्या आसपास आले तर प्रवासाचा बेत त्याच्यावर आखू नका.

८. करून पाहा

ज्यांच्या घरी किंवा शेजारी विजेची मोटार आहे त्यांनी पंधरा दिवस एक वही ठेवावी. रोज पाच रकाने भरावेत: तारीख, अंतर, स्क्रीनवरची सरासरी, एसी होता की नाही, आणि चार्जिंगपूर्वी व नंतर मीटरवरचा आकडा. वाचन मोठ्यांनी गाडी उभी असताना घ्यावे, चालत्या गाडीत चालकाला आकडे विचारू नयेत. ज्यांच्या घरी अशी गाडी नाही त्यांनी स्कूटरच्या पेट्रोलचा हिशेब याच रीतीने ठेवावा. सापळे तिथेही हेच आहेत.

स्वाध्याय

(१) एक गाडी युनिटला ६.२५ किलोमीटर जाते, दुसरी किलोमीटरला १५० वॉट-तास घेते. काटकसरी कोणती?
(२) एसी १.२ किलोवॉट घेतो. सरासरी वेग ताशी १५ असेल तर एसीपायी किलोमीटरला किती वॉट-तास पडतील? वेग ६० असेल तर?
(३) ३० किलोमीटर १२० च्या दराने आणि १० किलोमीटर २०० च्या दराने गेलो. पूर्ण फेरीची सरासरी किती?
(४) १६०० किलोची गाडी ३०० मीटर उंचीचा घाट चढली. स्थितिज ऊर्जा किती युनिट वाढली?
(५) बॅटरीत ९ युनिट आहेत, अलीकडची सरासरी १२० आहे. गाडी ‘अजून ७५ किलोमीटर’ असे दाखवते. घर ६० किलोमीटरवर, पण वाटेत ४०० मीटरचा चढ आहे. आडाखा वापरून सांगा, निघावे का?

उत्तरे : (१) दुसरी. पहिलीचा दर १६० येतो. (२) ८० आणि २०. (३) १४०. (४) सुमारे १.३ युनिट. (५) सपाट रस्त्याचे ७.२ आणि चढाचे २ मिळून ९.२ युनिट लागतील, जवळ ९ आहेत. आधी चार्जिंग करावे, मग निघावे.

पाचव्या प्रश्नात स्क्रीनवर पंधरा किलोमीटर जास्तीचे दिसत होते, हे लक्षात आले ना? ज्यांचे उत्तर ‘निघावे’ असे आले असेल त्यांनी पाचवा भाग पुन्हा एकदा वाचावा, आणि या सुट्टीत घरची मंडळी गाडीने बाहेर निघतील तेव्हा हा हिशेब त्यांना करून दाखवावा.